साक्ष पूर्ण सांगावी

‘तुमच्यात बरं असतं, प्रार्थना केली की काम झालं,’ असे माझे कचेरीतले सहकारी थट्टेने म्हणत. थट्टा बाजूला ठेवली तरी त्यामागचा समज पुष्कळांचा असतो आणि तो पसरायला आम्ही ख्रिस्ती माणसेही थोडीबहुत कारण झालो आहोत. म्हणून आज या विषयावर चार शब्द सांगावेसे वाटतात.

मी अँटॉप हिलला राहतो. सरकारी वसाहत, आजूबाजूच्या चाळी आणि झोपडपट्टी असा हा संमिश्र भाग आहे. इथल्या मराठी ख्रिस्ती घरांतून आळीपाळीने प्रार्थनासभा भरते. सतरंजी अंथरायची, पेटीवर दोन-तीन भजने म्हणायची, शास्त्रभाग वाचायचा आणि मग ‘साक्ष’ द्यायची, असा तिचा क्रम असतो. साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते चारचौघांत उठून सांगणे. प्रथा चांगली आहे, पण वर्षानुवर्षे ऐकताना एक गोष्ट ध्यानात येते. बहुतेक साक्षींचा साचा एकच असतो. संकट आले, प्रार्थना केली, संकट टळले. ज्याचे संकट टळलेले नाही तो उठतच नाही. त्याला कोणी विचारले तर ‘प्रभूच्या कृपेने बरं आहे,’ एवढे म्हणून तो चप्पल पायात घालतो.

याची किंमत मोजावी लागते. १९८२ च्या गिरणी संपानंतर परळ, लालबागप्रमाणे आमच्या बाजूच्या वस्तीतही अनेकांच्या घरची चूल मंदावली. आमच्या सभेला येणारे एक गिरणी कामगार होते. कित्येक महिने ते ‘बरं आहे’ म्हणत राहिले. घरातली भांडी आणि मंगळसूत्रातले मणी केव्हा गेले ते कोणाला कळले नाही. अखेर एका सभेत त्यांच्या पत्नीने उठून सांगितले, ‘माझी साक्ष अशी की घरात दाणा नाही आणि देवावर मला राग आला आहे.’ सगळे गप्प झाले. एका वडीलधाऱ्या बाईने मात्र उठून तिला जवळ घेतले. दुसऱ्या दिवशी रेशनच्या पिशव्या त्या घरी पोहोचल्या. धान्य आमच्याकडे आधीही होते. ते कोणाला हवे आहे, एवढेच आम्हाला माहीत नव्हते.

मराठी वाचकांना या खरेपणाचा सर्वांत मोठा नमुना घरबसल्या उपलब्ध आहे. तो म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून ती भागाभागांनी प्रसिद्ध झाली. विजया मेहता यांनी त्यावर चित्रपट केला, तोही अनेकांना आठवत असेल. पण ते एका ख्रिस्ती बाईचे आत्मकथन आहे आणि त्या दृष्टीने ते किती धीट आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ मधला, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरी कडक सोवळे-ओवळे. लहानपणीच लग्न झाले ते नारायण वामन टिळकांशी. टिळक मोठे कवी, मनाने उदार आणि रागाने तापट. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या संसाराचे दोन तुकडे झाले. काही वर्षे त्या नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. पुढे त्या टिळकांकडे परत आल्या, तरी सोवळे लगेच सुटले नाही. धर्मातले तत्त्वज्ञान पटण्याआधी त्यांच्या मनात जातिभेदाचा प्रश्न उभा राहिला. हा भेद देवाने केला की माणसाने, याचा त्यांनी आपल्या सरळ बुद्धीने निकाल लावला आणि मग १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला.

एरवीच्या साक्षीत गोष्ट इथे संपली असती. लक्ष्मीबाईंची संपत नाही. बाप्तिस्म्यानंतरही घरात पैसा टिकत नाही, कारण टिळक हातातले देऊन मोकळे होतात. भांडणे होतात, अबोले होतात, माणसे घरात येऊन राहतात आणि त्यांचे करता करता बाईंचा जीव मेटाकुटीला येतो. हे सारे त्या लपवत नाहीत. टिळकांचे निधन १९१९ मध्ये झाले होते. समाजात त्यांना ‘रेव्हरंड’ म्हणून, कवी म्हणून मोठा मान होता. त्यांच्या पत्नीने त्यांचा देव्हारा करावा अशीच अपेक्षा असणार. त्यांनी माणूस उभा केला. त्यात तक्रारीचा कडवट सूर नाही. स्वतःवरही त्या तेवढ्याच मोकळेपणी हसतात. म्हणून शेवटी टिळकांविषयीचे आपले प्रेम कमी होत नाही, उलट वाढते. झाकलेल्या माणसावर प्रेम करता येत नाही, हे मला त्या पुस्तकाने शिकवले.

पंडिता रमाबाईंचेही तसेच. १८७४ च्या सुमारास दुष्काळी हालात आई, वडील आणि बहीण त्यांनी थोड्या काळात गमावली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण सगळ्या शंका तिथे मिटल्या असे त्यांनी कधी भासवले नाही. ज्या भगिनींनी त्यांना आसरा दिला त्यांच्याशीही त्यांनी पत्रांतून स्पष्ट वाद घातला. जे पटत नाही ते पटले म्हणणार नाही, हा त्यांचा बाणा होता. आणि याच बाईंनी पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो निराधार स्त्रियांना घर दिले. शंका बोलून दाखवल्याने त्यांचे काम अडले नाही.

जगाच्या पातळीवरचे उदाहरण मदर तेरेसांचे. त्या १९९७ मध्ये गेल्या. त्यांची खासगी पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा देवाची जवळीक आपल्याला जाणवत नाही हे दुःख त्यांनी अनेक दशके मनात वागवले होते, असे उघड झाले. काहींना धक्का बसला. मला मात्र त्या जवळच्या वाटल्या. काही जाणवत नसतानाही रोज सकाळी उठून त्या रोग्यांपाशी जात होत्या.

मुळात पवित्र शास्त्रच या बाबतीत आपल्यापेक्षा मोकळे आहे. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत. त्यांतली सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी सांत्वनाची एक ओळही नाही. ईयोब देवाशी वाद घालतो आणि शेवटी देव रागावतो तो त्याला उपदेश करणाऱ्या मित्रांवर. पौलाने आपले एक दुखणे दूर व्हावे म्हणून तीनदा विनवले, ते दूर झाले नाही. खुद्द येशूने वधस्तंभावर आपल्याला का सोडले, असा देवाला प्रश्न केला. महाराष्ट्राला ही भाषा परकी नाही. दुष्काळात बायको गमावलेले तुकोबा विठ्ठलाशी भांडतच त्याचे झाले.

याचा अर्थ ऊठसूट रडगाणे गावे असा नाही. आपले दुःख कोणाला सांगावे, याचा विवेक हवाच. ऐकणाऱ्यानेही लगेच ‘विश्वास कमी पडला’ असा निवाडा देऊ नये. त्या एका वाक्याने किती माणसे मंडळीपासून तुटली असतील, देव जाणे. दुःखी माणसाजवळ बसावे, त्याचे ऐकावे, जमल्यास त्याच्या घरचे एखादे काम करावे. उत्तर सुचत नसेल तर गप्प राहावे. ईयोबाचे मित्रही पहिले सात दिवस न बोलता त्याच्याजवळ बसले होते आणि तेवढेच त्यांचे बरोबर होते.

साक्ष म्हणजे कोर्टातला शब्द. तिथे साक्षीदाराने आपल्याला सोयीचे तेवढेच सांगून चालत नाही, पाहिले ते सगळे सांगायचे असते. देवाच्या नावाने दिलेल्या साक्षीला याहून सैल नियम कसा लावायचा? ज्याचे संकट टळले त्याने आनंदाने सांगावे. ज्याचे टळलेले नाही त्यानेही तितक्याच हक्काने उठावे आणि ‘अजून वाट पाहतो आहे,’ एवढे म्हणावे. तीही साक्षच आहे.