कन्नी दोन, दोऱ्या चार

संक्रांतीला चंद्रपूरच्या गच्चीवर पतंग हाती आला की आधी कन्नी, म्हणजे पतंगाला दोरीशी जोडणारे वरचा-खालचा असे दोन धागे, बांधायची. वरचा धागा बोटभर आखूड केला की पतंग वाऱ्याला कमी अंग देतो, ओढ घटते. खालचा आखूड केला की ओढ वाढते. सोसाट्याच्या दिवशी ही चूक झाली, की कामटी मोडलीच म्हणून समजा!

गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर काइटसर्फिंगवाले हेच गणित पाण्यावर उभं राहून, पतंग उडवता उडवता सोडवतात. त्यांच्या पतंगाच्या चार दोऱ्यांपैकी पुढच्या दोन बहुतेक भार पेलतात, मागच्या दोन वळवतात. हातातली दांडी जवळ ओढली की मागच्या ताणल्या जातात, जोर वाढतो. काही पतंगांना पाचवी दोरीही असते; ती पाण्यात पडलेला पतंग पुन्हा उठवायला मदत करते, पण गुंतेही वाढवते. शिकणाऱ्याने चारच घ्याव्यात.