सुटे भाग, एक सायकल: बीएमएक्सची जुळणी

तयार विकत घेतलेली बीएमएक्स आणि सुट्या भागांतून जुळवलेली बीएमएक्स शेजारी उभ्या केल्या, तर लांबून त्यांत फरक दिसत नाही. दोन्हींना वीस इंची चाके, उंच हँडल, फ्रेमला जवळजवळ टेकलेली सीट. गिअर नाहीत, शॉक ॲब्सॉर्बर नाहीत, पुष्कळदा ब्रेकसुद्धा नाहीत. इतक्या साध्या यंत्रात निवडायचे ते काय, असे कोणालाही वाटेल. पण जुळणीला बसलेल्या माणसाला लवकरच उमगते की या सायकलीतला एकही व्यास आणि एकही आटा सहजासहजी ठरलेला नाही. बहुतेक मापांमागे कधीतरी, कोणाच्या तरी पायाखाली मोडलेला एखादा भाग आहे.

मोडतोडीची सुरुवात कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात झाली. शिकागोच्या श्विन कंपनीने १९६३ मध्ये अल फ्रिट्झ यांच्या कल्पनेतून ‘स्टिंग-रे’ ही मुलांची सायकल काढली होती: वीस इंची चाके, लांब सीट, उंच हँडल. मोटोक्रॉसच्या मोटरसायकली पाहून वेडावलेली मुले याच सायकली घेऊन मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारू लागली. ब्रूस ब्राउन यांच्या १९७१ च्या ‘ऑन एनी संडे’ या माहितीपटाच्या सुरुवातीला हीच मुले दिसतात, आणि त्या चित्रपटाने हे वेड अमेरिकाभर पसरवले. सायकल मात्र पेपर टाकायला आणि शाळेत जायला बनवलेली होती. चिमटे वाकले, क्रँक पिळवटले, हँडलच्या नळीपाशी फ्रेमचे जोड सुटले. तेव्हा मदतीला आले ते मोटरसायकलींच्या चौकटी जोडणारे वेल्डर. रेडलाइन ही कंपनी त्यांतलीच. लिन कास्टन यांच्या या कारखान्याने १९७४ च्या सुमारास क्रोमोली पोलादाचे चिमटे काढले आणि बीएमएक्सला तिचा स्वतःचा धातू मिळाला.

तो धातू आजही तोच आहे. शर्यतीच्या बीएमएक्स ॲल्युमिनियमच्या किंवा कार्बनच्या असतात, कारण तिथे चाळीसएक सेकंदांत निकाल लागतो आणि प्रत्येक ग्रॅम मोजला जातो. कसरतीच्या, म्हणजे फ्रीस्टाइल सायकलींनी मात्र ४१३० या क्रमांकाचे पोलाद सोडलेले नाही. त्यात कार्बन सुमारे ०.३ टक्का, क्रोमियम एक टक्क्याच्या आसपास आणि मॉलिब्डेनम जेमतेम ०.२ टक्का. या चिमूटभर मिसळीने पोलाद इतके चिवट होते की विमानांच्या सांगाड्यांतही याच जातीच्या नळ्या वापरल्या गेल्या. चांगल्या फ्रेमच्या नळ्या मध्ये पातळ आणि टोकांना जाड ओढलेल्या असतात, कारण ताण जोडापाशी येतो, मध्यावर येत नाही. शिवाय क्रोमोली मोडण्याआधी बहुधा वाकते किंवा तिला बारीक चीर जाते. तीन मीटर उंचीवरून सिमेंटवर उतरणाऱ्याला ही पूर्वसूचना फार मोलाची असते.

फ्रेम निवडताना सीटखालच्या नळीची उंची कोणी विचारत नाही, कारण चालक क्वचितच बसतो. विचारली जाते ती वरच्या दांड्याची लांबी: मोठ्या माणसासाठी साधारण २० ते २१.५ इंच. पाव इंचाने हँडल जवळ किंवा लांब जाते आणि सायकलीचा स्वभाव पालटतो. हँडलच्या नळीचा कोन ७५ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे जवळजवळ उभा. मागच्या चाकापर्यंतची नळी तेरा इंचांच्या आगेमागे. ती आखूड असली की पुढचे चाक चटकन उचलले जाते.

खरी गंमत पायडलांच्या आसाच्या भोकात आहे. जुन्या अमेरिकी मुलांच्या सायकलीत डावा हात, आस आणि उजवा हात असा अख्खा क्रँक एकाच सळईला वाकवून बनवलेला असे. ओहायो राज्यातल्या ॲश्टाब्युला गावाच्या नावाने तो ओळखला जातो. ही वाकडीतिकडी सळई फ्रेममधून ओवून पलीकडे काढायची, तर भोक मोठे हवे. म्हणून ते ठरले ५१.३ मिलिमीटर. पुढे क्रँक तीन तुकड्यांचा झाला, आस वेगळा आणि हात वेगळे. ओवायचे काही उरले नाही, तरी कारखान्यांचे साचे तेच राहिल्यामुळे भोक कित्येक वर्षे तेवढेच राहिले आणि त्यात वाट्या ठोकून बेअरिंग बसवावे लागले. मग काही बनवणाऱ्यांनी ३७ मिलिमीटरचे भोक घेतले, ते ‘स्पॅनिश’. आणि नंतर सुमारे ४१ मिलिमीटरचे ‘मिड’ आले, ज्यात बेअरिंग वाटीशिवाय थेट फ्रेममध्ये दाबून बसते. आज बहुतेक फ्रीस्टाइल फ्रेम मिडच्या असतात. जुन्या फ्रेमवर जुळणी करणाऱ्याने मात्र आधी कॅलिपरने भोक मोजावे आणि मगच पैसे मोजावेत. बेअरिंग हातोडीने ठोकू नये, ते तिरके बसते. एक लांब बोल्ट आणि दोन जाड वॉशर घेऊन पान्याने हळूहळू आवळले, तर दोन्ही बाजूंची बेअरिंग सरळ आत सरकतात. महागड्या हत्यारानेही याहून वेगळे काही होत नाही.

क्रँकचे हात पोकळ नळ्यांचे करण्याची कल्पनाही रेडलाइनकडून १९८० च्या सुमारास रुजली, आणि फ्लोरिडातल्या प्रोफाइल रेसिंगने तिला नाव मिळवून दिले. प्रोफाइलच्या १९ मिलिमीटर जाडीच्या आसावर ४८ बारीक खाचा असतात. हाताच्या भोकातही तेवढ्याच. हा हात एक खाच चुकवून बसवला तर तो दुसऱ्याच्या सरळ रेषेत न राहता साडेसात अंशांनी तिरका उभा राहतो. एकाच पिनवर सगळा भार टाकण्याऐवजी तो ४८ ठिकाणी वाटून देण्याची ही युक्ती इतकी टिकली की तिच्यात नंतर कोणी फारसा बदल केला नाही. आस तेवढे जाड होत गेले: २२, मग २४ मिलिमीटर.

आता चक्र. १९८० च्या दशकातल्या बीएमएक्सवर पुढे ४४ दात आणि मागे १६ असत. आज पुढे २५ आणि मागे ९ असतात. भागाकार करून पाहा: पहिला २.७५, दुसरा २.७८. म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल तेवढीच, साधारण साडेचार मीटर, पुढे जाते. मग चक्र एवढे आटवले कशासाठी? चालक लोखंडी कठड्यांवरून, पायऱ्यांच्या कडांवरून सायकल घासत नेऊ लागले, आणि मोठ्या चक्राचे दात कडेला आपटून वाकू लागले. लहान चक्र कडेपासून वर राहते, वजनही घटते. पण यंत्रशास्त्र कोणालाच काही फुकट देत नाही. ४४ दातांच्या चक्राची त्रिज्या सुमारे ८९ मिलिमीटर, २५ दातांच्या चक्राची सुमारे ५०. पायडलचा हात १७५ मिलिमीटर धरला आणि ७५ किलोचा माणूस एका पायडलवर उभा राहिला, तर मोठ्या चक्रावर साखळीला सुमारे १५० किलोंची ओढ बसते; छोट्या चक्रावर तीच २६० किलोंवर जाते. नऊ दात आले म्हणून साखळी, आस आणि हब सगळ्यांनाच नव्याने मजबूत व्हावे लागले.

हबची अडचण तर याहून मोठी होती. नेहमीच्या सायकलीत फ्रीव्हील हबवर आट्यांनी चढते आणि ‘टिक टिक’ करणारे खटके त्याच्या पोटात असतात. १६ दातांचे फ्रीव्हील नेहमीच्या आट्यावर बसते. १३ पर्यंत यायचे तर आटाच लहान करावा लागतो. त्याखाली खटक्यांना जागाच उरत नाही. नऊ दातांचे वर्तुळ असते जेमतेम ३७ मिलिमीटरचे, त्यातून १४ मिलिमीटरचा आस जायचा, त्याभोवती बेअरिंग बसायचे. म्हणून खटके तिथून उचलून हबच्या पोटात नेले. दातांचा भाग आणि त्यामागची नळी एकाच पोलादी तुकड्यातून कोरली जाते. त्याला ‘ड्रायव्हर’ म्हणतात.

काहींना तेही पुरत नाही. उलट दिशेने घरंगळताना साध्या हबमध्ये पायडलही उलटे फिरू लागतात आणि चालकाला पाय चालवत राहावे लागतात. ‘फ्रीकोस्टर’ हबात हे टळते. त्याच्या ड्रायव्हरवर मळसूत्री आटे असतात. पायडल पुढे मारले की त्यावरची क्लच-नळी आट्यावरून सरकते आणि हबच्या भिंतीला जाऊन पकडते. चाक उलटे फिरले तर ती पकडतच नाही. किंमत एवढीच, की पुन्हा जोर लावताना क्षणभर पायडल रिकामे फिरते.

चाक बांधणे हा या जुळणीतला सर्वांत शांत आणि सर्वांत राग आणणारा भाग. प्रत्येक चाकात ३६ तारा. आपल्याकडच्या काळ्या सायकलीत पुढे ३२ आणि मागे ४० असतात. बीएमएक्स दोन्हीकडे समान. प्रत्येक तार इतर तीन तारांना छेदून रिमकडे जाते. तार साधारण १८५ मिलिमीटर लांब लागते, पण हब आणि रिम बदलले की हिशेब बदलतो, आणि दोन-तीन मिलिमीटर जास्त झालेली तार रिममधल्या निपलमधून वर डोकावून ट्यूब फोडते. नीट बांधलेल्या चाकात एकेक तार शंभरेक किलोच्या ताणाने ओढलेली असते. सायकल जमिनीवर आदळते तेव्हा खालच्या तारा दबत नाहीत, त्यांचा ताण कमी होतो. तो ताण मुळात पुरेसा नसेल तर तारा सैल पडून चाक वाकते. दुकानातला कारागीर निपल पाव-पाव फेरी फिरवून आउट काढतो, तेव्हा तो चाक सरळ करण्याबरोबर हा ताणही सारखा वाटत असतो. लहान चाकाला एक जन्मजात फायदा आहे: तारा आखूड, म्हणून चाक ताठ. तरीही १९७० च्या दशकाच्या मध्यात चाके इतकी मोडत होती की स्किप हेस यांनी ‘मोटोमॅग’ हे ॲल्युमिनियमचे ओतीव चाक काढले. त्यांची मंगूस कंपनी त्याच चाकावर उभी राहिली.

पुढच्या बाजूला घाई करू नये एवढेच सांगण्यासारखे. बेअरिंग फ्रेममध्ये नुसती ठेवायची असतात. चिमटा खालून घालायचा, वर हँडल धरणारा स्टेम चढवायचा, आणि टोकाचा बोल्ट आवळून सैलपणा काढायचा. स्टेमचे बाजूचे बोल्ट त्यानंतर. क्रम उलटा केला तर हँडल आयुष्यभर खुळखुळते. मुठी चढवताना केसांवर मारायचा स्प्रे वापरतात: ओला असताना रबर सरकते, वाळला की चिकटते. पायडलांत डावीकडच्याचा आटा उलटा असतो, नाहीतर चालवता चालवता ते आपोआप सुटले असते.

ज्यांना उजव्या बाजूने कठड्यावर घसरायचे असते, त्यांनी चक्र आणि साखळी डावीकडे नेली. हब आरशात पाहावे तसे उलटे बनवले जाते, क्रँकवर चक्र दुसऱ्या हाताला लागते. पायडलांचे आटे मात्र तसेच राहतात, कारण पाय बदललेले नाहीत.

यातले बरेच शोध अभियंत्यांच्या टेबलावर लागलेले नाहीत. १९८७ मध्ये ख्रिस मोलर यांनी दक्षिण कॅलिफोर्नियात सुरू केलेली एस अँड एम असो, की ओक्लाहोमाच्या मॅट हॉफमन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला काढलेली कंपनी, या माणसांना बाजारातल्या फ्रेम पुरत नव्हत्या म्हणून त्यांनी स्वतःच्या बनवून घेतल्या. बीजिंगला २००८ मध्ये बीएमएक्सची शर्यत ऑलिम्पिकमध्ये आली, आणि टोकियोच्या स्पर्धेत, २०२१ मध्ये, कसरतही आली. तिथल्या चालकांच्या सायकली याच पद्धतीने, याच मापांनी जुळवलेल्या होत्या.

शेवटी साखळी चढते. तिचे माप अर्धा इंच गुणिले एक अष्टमांश इंच, म्हणजे आपल्या दूधवाल्याच्या सायकलीवर असते तेच. तिचे दुवे आतले-बाहेरचे असे जोडीने चालतात, म्हणून ती एका वेळी एक इंचच कमीजास्त करता येते. मागचे चाक फ्रेमच्या खाचेत नेमके हवे तिथे बसवायचे असेल, तर एक अर्धा दुवा घालावा लागतो. मध्यावर बोटाने दाबल्यावर साखळी सेंटिमीटरभर हलली की पुरे. सगळे मिळून वजन साधारण दहा ते साडेअकरा किलो भरते. मग उरतो ब्रेकचा प्रश्न. हँडल गरगर फिरवताना केबल गुंडाळली जाऊ नये म्हणून ब्रायन स्क्युरा यांनी १९८० च्या दशकात ‘गायरो’ ही फिरती चकती शोधली: वरची केबल तिला ओढते, खालची तिच्यापासून ब्रेककडे जाते, आणि मधले बेअरिंग दोन्हींना एकमेकांपासून मोकळे ठेवते. पुढे कित्येकांनी ब्रेकच काढून टाकले. आज अनेक फ्रेमवर ब्रेकचे खुंट वेल्ड केलेले नसून स्क्रूने बसवलेले असतात, म्हणजे ब्रेक ठेवायचा की नाही हे ज्याची सायकल त्याने कधीही ठरवावे.