परदेशी बर्गर आणि रास्त किंमतीचें माप

अमेरिकेंतील मॅक्डोनल्ड्स संस्थेनें १९९६ सालीं दिल्ली व मुंबई येथें हिंदुस्थानांतील आपलीं पहिलीं उपाहारगृहें उघडलीं. येथील लोकांचा आचार पाहून तिनें गोमांस वगळलें. अशा परक्या पदार्थाची किंमत रास्त कीं अवाजवी, हें कसें ठरवावें?

लंडनचें 'इकॉनॉमिस्ट' साप्ताहिक १९८६ पासून देशोदेशींच्या बर्गरच्या किंमतींवरून चलनांची तुलना करीत आलें आहे. तींत डॉलरच्या हिशेबानें आपल्याकडील बर्गर स्वस्त दिसतो. कारण किंमतींत पाव-बटाट्याखेरीज दुकानभाडें व मजुरी यांचाही बराच भाग असतो, आणि येथील मजुरी थोडी आहे. परंतु तो घेण्यास किती वेळ राबावें लागतें, हें माप लाविलें तर तोच बर्गर धुळें-जळगांवच्या मजुरास अमेरिकन कामकऱ्याहून पुष्कळ महाग पडतो.

हाच विचार आपल्या मालास लावावा. रावेर-यावलचीं केळीं मुंबईस विकलीं जातात, तेव्हां गिऱ्हाइकाच्या पैशांत तोडणी, वाहतूक, पिकवण, नासाडी व विक्रेत्याचा नफा हीं सर्व येतात. यास्तव केवळ दुकानांतील भाव ऐकून कोणास लुबाडणारा म्हणूं नये. प्रत्येक टप्प्याचा खर्च मांडावा आणि जेथें खर्च व वाजवी नफा जाऊनही शिल्लक राहते, तेथेंच बोट ठेवावें.

बर्गरच्या किंमतींत नांवाचेंही मोल असतें. जळगांवच्या केळीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे. त्या नांवाचें मोल बागाईतदाराच्या पदरीं पडावयाचें, तर मालाची प्रत राखून एकजुटीनें विक्री करणें अवश्य आहे.