शरद जोशी आणि आपण स्वस्ताईवाले

कल्याणहून नगरकडे जाणारा रस्ता माळशेज घाट चढून ओतूर, आळेफाट्याकडे जातो. जुन्नर भागातला कांदा, टोमॅटो, भाजीपाला याच रस्त्याने खाली कल्याणच्या बाजार समितीत उतरतो आणि तिथून डोंबिवली-ठाण्याच्या भाजीवाल्यांकडे पोहोचतो. घाटाच्या वर भाव कोसळला तर आपल्याला पत्ता लागत नाही. घाटाखाली भाव चढला की मात्र दिल्लीत बैठका सुरू होतात. शरद जोशींना जाऊन (१२ डिसेंबर २०१५) दहा वर्षं होऊन गेली. पस्तीसहून अधिक वर्षं ते जे मांडत होते, ते बरंचसं या वर-खालच्या हिशेबाबद्दल होतं.

आपल्याला ते आठवतात ते आंदोलक म्हणून: रास्ता रोको, लाखांच्या सभा, छातीवरचे लाल बिल्ले, ‘भीक नको, हवे घामाचे दाम’. पण हा माणूस मुळात आकडेमोडीतला. सिडनेहॅममध्ये वाणिज्य शाखेचं शिक्षण, मग भारतीय टपाल सेवा, त्यानंतर स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघात अधिकारी. तिथली नोकरी सोडून ते परतले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. शेतीची वही त्यांनी हिशेबनिसासारखी ठेवली आणि एका साध्या निष्कर्षावर आले. शेतकरी आळशी, अडाणी, व्यसनी म्हणून तोट्यात नाही. त्याचा भाव सरकार पाडतं म्हणून तोट्यात आहे. १९७९ साली चाकणला शेतकरी संघटना उभी राहिली. पाठोपाठ १९८० मध्ये नाशिकचं ऊस-कांदा आंदोलन आणि १९८१ मध्ये निपाणीचं तंबाखू आंदोलन झालं. निपाणीत गोळीबार झाला, माणसं गेली.

भाव पाडतात कसा, हे त्यांनी एकेक यंत्रणा उलगडून दाखवलं. अमेरिकेचा पीएल-४८० या मदत योजनेचा गहू बंदरात आणून इथल्या गव्हाचा भाव दाबायचा. साखर कारखान्यांकडून लेव्हीची, म्हणजे सक्तीच्या वाट्याची साखर कमी दराने उचलायची, म्हणजे भार शेवटी उसावरच पडतो. १९७२ च्या एकाधिकार कापूस खरेदीत विदर्भ-मराठवाड्याच्या शेतकऱ्याने कापूस फक्त सरकारलाच विकायचा. शेजारच्या राज्यात जादा भाव असला तरी राज्याची सीमा ओलांडली की तो गुन्हेगार. आणि कांद्याचं हत्यार तर सगळ्यात सोपं: निर्यात बंद.

सुरुवातीची मागणी मात्र खुल्या बाजाराची नव्हती. ती उत्पादनखर्चावर आधारित रास्त भावाची होती आणि तो भाव सरकारने द्यावा असंच ऐकणाऱ्याला वाटे. पुढे १९९१ च्या सुमारास सूर बदलला. त्याच वर्षी शेगावला त्यांनी चतुरंग शेतीचा कार्यक्रम मांडला: सीताशेती, माजघर शेती, व्यापार शेती आणि निर्यात शेती. आता मागणी झाली ती सरकारने बाजूला होण्याची. गॅट या जागतिक व्यापार कराराच्या डंकेल प्रस्तावावर देशभर गहजब चालला असताना, कर्नाटकचे शेतकरी नेते नंजुंडस्वामी त्याच्याविरुद्ध मोर्चे काढत असताना, जोशी उघडपणे त्याच्या बाजूने उभे राहिले. त्यांचा युक्तिवाद वकिली होता, पण बिनतोड होता. भारत सरकारनेच गॅटपुढे दिलेल्या हिशेबात इथल्या पिकांवरची सबसिडी उणे निघत होती. म्हणजे खत-विजेची सूट मिळूनही शेतकऱ्याला जगाच्या भावापेक्षा कमीच पडत होतं. मग सबसिडी घटवा असं सांगणाऱ्या कराराला त्याने का भ्यावं? ‘उणे सबसिडी’ हे त्यांचं सगळ्यात टिकाऊ काम आहे असं मला वाटतं. कर्जमाफीऐवजी ‘कर्जमुक्ती’ हा शब्दही त्याच हिशेबातून आला. भाव पाडून ज्याचे पैसे काढून घेतले, त्याचं कर्ज माफ करण्याचा मोठेपणा सरकारने मिरवू नये.

भाव पाडण्याचं हे गणित आज कसं चालतं, हे पाहायला आता चलनधोरणाकडे. २०१६ पासून रिझर्व्ह बँकेला महागाई ४ टक्क्यांवर, २ टक्के वर-खाली धरून, ठेवायची आहे. २०१२ पायाभूत वर्ष धरलेल्या किरकोळ महागाई निर्देशांकात खाण्यापिण्याचं वजन जवळपास ४६ टक्के होतं. व्याजदर वाढवून कांदा स्वस्त होत नाही, हे बँकेला ठाऊक आहे. ते काम मग केंद्र सरकार करतं. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, ८ डिसेंबरला सरळ बंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली तरी शुल्क राहिलंच. ते पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. डिसेंबर २०२१ मध्ये गहू, हरभरा, सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे सेबीने थांबवले. वायदेबाजाराचे कट्टर समर्थक असलेले जोशी ही बंदी पाहायला नव्हते. ठाण्या-डोंबिवलीतल्या सरकारी नोकरदाराचा महागाई भत्ता निर्देशांकाला बांधलेला आहे. कांदा चढला तर थोडंफार भरून निघतं. कांदा पडला तर ओतूरच्या माणसाला कोणता भत्ता?

जोशी चुकले कुठे? सरकार हटलं की बाजार आपोआप खुला होईल, ही त्यांची श्रद्धा जरा भाबडी होती. जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्राने फळं-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मोकळा केला. पण ज्याने आडत्याकडून आधीच उचल घेतलेली आहे, तो माल दुसरीकडे नेणार कसा? साठवण नसेल तर वाट बघण्याचं स्वातंत्र्यही कागदावरच राहतं. त्यांच्या स्वतंत्र भारत पक्षाला मतं मिळाली नाहीत, यातही नवल नाही. सभेला लाखो येत, मत द्यायला ते आपापल्या पुढाऱ्याकडे जात. २००४ ते २०१० ते राज्यसभेत होते, तेवढंच.

२०२० चे तीन कृषी कायदे त्यांच्या विचाराच्या बरेच जवळचे होते. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीत संघटनेचे अनिल घनवट होते. समितीने मार्च २०२१ मध्ये अहवाल दिला, नोव्हेंबरमध्ये कायदे मागे घेतले गेले. घनवटांनी तो अहवाल २०२२ मध्ये स्वतःच उघड केला. त्या तीन कायद्यांपैकीच एक असलेली जीवनावश्यक वस्तू कायद्यातली दुरुस्तीही गेली. १९५५ चा मूळ कायदा, साठ्यावर मर्यादा घालण्याच्या अधिकारासह, आजही लागू आहे. कांद्याचा भाव वाढला की तो वापरा असं सांगणारे, घाटाखाली राहणारे आपणच असतो.