शब्दांचा क्रम आणि शब्दांचा अर्थ

बेंगळूर शहराच्या जुन्या भागात चिकपेट ही कापडाची प्रसिद्ध बाजारपेठ आहे. १५३७ साली केंपेगौडा यांनी वसविलेल्या गावाच्या मूळ पेठांपैकी ही एक होय. कन्नडमध्ये ‘चिक्क’ म्हणजे लहान, आणि ‘पेटे’ म्हणजे आपली पेठच. १६३८ मध्ये हे गाव विजापूरच्या ताब्यात आले आणि शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. तेव्हापासून येथे मराठीचाही वावर आहे. भावसार आणि नामदेव शिंपी समाजांतील अनेक घरांत आजही मराठी बोलली जाते. कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, गुजराती आणि मारवाडी या भाषाही या पेठेच्या गल्ल्यांत नित्य कानावर पडतात.

अशा बाजारपेठेत एखादा नोकर एका गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये बोलतो, दुसऱ्याशी तमिळमध्ये, आणि मालकाशी मराठीत. या भाषा त्याला कोणी शाळेत शिकविलेल्या नसतात. मात्र इंग्रजीत चार ओळींचे पत्र लिहिण्याची वेळ आली की हाच मनुष्य अडखळतो, आणि आपल्याला भाषाच येत नाही असे समजू लागतो. चार भाषा सहज बोलणाऱ्याला पाचवी इतकी जड का जावी, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या बुद्धीत शोधून मिळणार नाही. ते या भाषांच्या रचनेत आहे.

एक साधे वाक्य पाहू. ‘दुकानदाराने गिऱ्हाइकाला साडी दाखवली.’ हेच कन्नडमध्ये असे होईल: ‘अंगडियवनु गिराकिगे सीरे तोरिसिदनु.’ शब्द वेगळे असले तरी त्यांचा क्रम एकच आहे. मराठीतील ‘ला’ या प्रत्ययाचे काम कन्नडमध्ये ‘गे’ करतो, आणि दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येते. मराठी आर्य भाषाकुलातील आणि कन्नड द्राविड कुलातील. तरीही दीर्घ सहवासाने भारतातील भाषांच्या रचनेत पुष्कळ साम्य आले आहे, हे मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये दाखवून दिले. सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावाचा अभ्यास करून जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये याचे फार बोलके उदाहरण पुढे आणले. त्या गावातील कन्नड, मराठी आणि उर्दू बोलींची वाक्यरचना इतकी जुळली होती, की एका भाषेतील वाक्याच्या प्रत्येक घटकाच्या जागी दुसऱ्या भाषेतील घटक ठेवला, तरी वाक्य तयार होत असे. अशा भाषांमध्ये जा-ये करणाऱ्याला मुख्यतः शब्द बदलावे लागतात. वाक्याचा साचा त्याच्याजवळ आधीच असतो.

इंग्रजीत हा साचा उपयोगी पडत नाही. ‘गिऱ्हाइकाला दुकानदाराने साडी दाखवली’ असे शब्द फिरवले, तरी मराठीत अर्थ बदलत नाही. कोणी दाखवली आणि कोणाला दाखवली हे प्रत्यय सांगतात. इंग्रजीत मात्र ‘द शॉपकीपर शोड द कस्टमर अ सारी’ या वाक्यातील दोन नामांची अदलाबदल केली, तर गिऱ्हाईकच दुकानदाराला साडी दाखवू लागते. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय होते. पुढे ते झिजून गेले. ‘ही’ आणि ‘हिम’ यांसारख्या सर्वनामांत त्यांचा अवशेष उरला. प्रत्ययांचे काम मग शब्दांच्या क्रमाकडे आणि ‘टू’, ‘बाय’, ‘फॉर’ अशा लहान शब्दांकडे आले. म्हणून इंग्रजी वाक्य वाचताना क्रियापद प्रथम शोधावे, त्याच्या आधी कोण आहे आणि नंतर कोण आहे ते पाहावे. अर्थाची किल्ली बहुधा तेथेच मिळते.

दादोबा पांडुरंग यांनी १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा आराखडा त्यांच्यासमोर होता. त्यामुळे कर्ता, कर्म, काळ ही नावे विद्यार्थ्याला दोन्ही भाषांत भेटतात, आणि नाव एक म्हणून कार्यही एकच असावे असा त्याचा समज होतो. क्रियापदाच्या बाबतीत हा समज विशेष फसवा ठरतो. ‘मी दहा वर्षांपासून येथे काम करत आहे’ हे मराठी वाक्य वर्तमानकाळी आहे. म्हणून विद्यार्थी ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टेन इयर्स’ असे लिहितो. परंतु भूतकाळात सुरू होऊन आजवर चाललेली क्रिया इंग्रजी वेगळ्या रूपाने दाखवते: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टेन इयर्स.’ ‘सिन्स’पुढे आरंभाचा क्षण येतो, ‘फॉर’पुढे कालावधी. मराठीतील ‘पासून’ ही दोन्ही कामे करते, आणि चुकीचे मूळ तेथेच आहे. तसेच ‘आय ॲम हॅविंग टू शॉप्स’ हे वाक्य. मालकी ही क्रिया नव्हे, स्थिती आहे. आणि स्थिती दाखवणाऱ्या क्रियापदाला इंग्रजी सहसा ‘इंग’ लावत नाही. जेवणे ही मात्र क्रिया आहे. म्हणून ‘ही इज हॅविंग लंच’ हे वाक्य शुद्ध ठरते.

क्रियापदाला एखादा लहान शब्द जोडून होणारे वाक्प्रयोग विद्यार्थ्याला सर्वांत अवघड वाटतात. ‘पुट ऑन’ म्हणजे अंगात घालणे, ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे. यांत ‘ठेवणे’ कोठे गेले? पण मराठीतही ‘हाती घेणे’, ‘मनावर घेणे’, ‘अंगावर घेणे’ यांत ‘घेणे’ एकच असून अर्थ तीन आहेत. ‘तो नको ते करून बसला’ यात कोणी बसलेले नसते. कन्नडमध्ये ‘माडिबिडु’ म्हणजे ‘करून टाक’. त्यातील ‘बिडु’चा मूळ अर्थ ‘सोड’ असा आहे. ही रीत आपल्या भाषांना परकी नाही. फक्त असा प्रयोग फोडून शिकू नये, एकच शब्द समजून शिकावा.

शब्दाच्या अर्थाचेही तसेच आहे. कापडाच्या बाजारात ‘फास्ट कलर’ असे म्हणतात, तेव्हा वेगाचा संबंध नसतो. ‘फास्ट’चा जुना अर्थ घट्ट, पक्का असा आहे, वेगाचा अर्थ नंतर आला. परीक्षेतील ‘आउटस्टँडिंग’ म्हणजे उत्कृष्ट, आणि खातेवहीतील ‘आउटस्टँडिंग’ म्हणजे येणे बाकी. कोशात दोन्ही अर्थ दिलेले असतात. कोणता घ्यावयाचा हे शेजारचे शब्द ठरवतात.

हा भेद केवळ परीक्षेतील गुणांपुरता नाही. ‘सोमवारपर्यंत पैसे द्या’ आणि ‘सोमवारपर्यंत माल ठेवा’ या दोन्ही वाक्यांत मराठीला ‘पर्यंत’ पुरतो. इंग्रजीत पहिल्या वाक्याला ‘बाय मंडे’ हवे, दुसऱ्याला ‘टिल मंडे’. पहिल्यात मुदतीच्या आत एकदा घडावयाची गोष्ट आहे, दुसऱ्यात मुदत संपेपर्यंत चालू राहावयाची. बोलताना समोरचा मनुष्य समजून घेतो. पण करारपत्रात हा भेद निसटला, तर त्याची किंमत रुपयांत मोजावी लागते.

अशा चुकांना निव्वळ अज्ञान म्हणता येणार नाही. मातृभाषेचे नियम दुसऱ्या भाषेला लावल्यामुळे त्या होतात. म्हणजे त्यांच्यामागेही एक व्याकरण असते. कोणता नियम कोठून आला हे शिक्षकाने दाखवून दिले, तर विद्यार्थी स्वतःची चूक स्वतः ओळखू शकतो. चार भाषांत व्यवहार करणाऱ्या माणसाची भाषाशक्ती उणी नाही. या खेपेला शब्दांबरोबर साचाही बदलावा लागतो, एवढेच त्याला कोणी सांगितलेले नसते.