मोटारघरांचा मुक्काम व गांवची मिळकत

ज्या गांवास प्रसिद्ध देऊळ नाहीं, नदीचा घाट नाहीं, थंड हवेचा डोंगरहि नाहीं, त्या गांवीं परक्या प्रवाशानें एक रात्र तरी कां थांबावें? दक्षिण ऑस्ट्रेलियांतील पेनाँग या लहानशा शेतकरी गांवापुढें व त्याच्या शेजाऱ्यांपुढें हा प्रश्न होता. तो त्यांनीं कसा सोडविला, हें कास्तकार वाचकांस उपयोगी वाटेल म्हणून येथें थोडक्यांत सांगतों.

पेनाँग हें सेडुना बंदराच्या पश्चिमेस सुमारें ७३ किलोमीटरवर आयर महामार्गावर आहे. गहूं व मेंढ्या हीं तेथील मुख्य उत्पन्नें. या टापूंत पाऊस सालीना सुमारें १२ इंच. भरंवशाचें पीक कोठवर येईल याची जी रेषा सर्व्हेअर जनरल गॉयडर यांनीं १८६५ सालीं आंखली, तिच्या कांठावरचाच हा मुलूख. भूमिगत पाणी पवनचक्क्यांनीं उपसून गांवानें दिवस काढले. अशा ठिकाणीं एका सालचें पीक बुडालें तर दुकानदारापासून गाडी दुरुस्त करणाऱ्यापर्यंत सर्वांस त्याची झळ लागते. म्हणून जोडधंद्याची गरज.

या रस्त्यानें मोटारघरें पुष्कळ जातात. मोटारघर म्हणजे बिछाना, चूल, पाण्याची टांकी व शौचकूप ज्यांत बसविलेलें आहे असें मोठें वाहन. त्यांतील मंडळी बहुधा निवृत्त व सवडीची. परंतु पुढें नलार्बोरचें ओसाड मैदान लागत असल्यानें तीं न थांबतां वेगानें निघून जात. कॅगुना व बलडोनिया यांच्या दरम्यान तर सुमारें १४६ किलोमीटर रस्त्यास एकहि वळण नाहीं. कंटाळ्यानें चालकास डुलकी येण्याचें भय तें निराळेंच.

यावर उपाय म्हणून २००९ सालीं 'नलार्बोर लिंक्स' नांवाचें गोल्फचें मैदान सुरू झालें. गोल्फ म्हणजे चेंडू काठीनें टोलवीत एकामागून एक अठरा खळग्यांत घालण्याचा खेळ. एरव्हीं हे खळगे एकाच मैदानांत असतात. येथें ते सेडुनापासून कालगुर्लीपर्यंत १,३६५ किलोमीटरवर पसरले आहेत. वाटेवरील गांवें व पेट्रोलचे थांबे यांच्याकडे एक वा दोन खळगे. पेनाँगच्या खळग्यास पवनचक्क्यांचें नांव आहे, तर फ्रेझर रेंज येथील मेंढपाळीच्या ठाण्यावरील खळग्यास 'मेंढीची पाठ' म्हणतात. आरंभाची जागा व खळग्याभोंवतालची हिरवळ बहुतेक ठिकाणीं कृत्रिम गवताची केली असून मधली जमीन झुडुपें-खडकांसह जशीच्या तशी ठेविली आहे. त्यामुळें पाण्याचा खर्च जवळजवळ नाहीं. खेळाडू प्रत्येक ठिकाणीं आपल्या पत्रकावर शिक्का घेतो, आणि शिक्क्यासाठीं थांबला कीं चहा, जेवण, इंधन व मुक्काम आपोआप होतो.

मात्र केवळ खेळानें मुक्काम पडत नाहीं. तेथील मोटारघरवाल्यांची संघटना ज्या गांवांस 'मोटारघरस्नेही' म्हणून मान्यता देते, त्यांच्याकडून मुख्यतः चार गोष्टी मागते: (१) बाजारानजीक मोठें वाहन उभें करण्यास जागा, (२) अल्प दरांत २४ किंवा ४८ तासांचा मुक्काम, (३) पिण्याचें पाणी, (४) मैला रिकामा करण्याची नियत जागा. यांपैकीं चौथी कोणीं क्षुल्लक समजूं नये. ती नसेल तर घाण ओढ्यांत जाते आणि विहिरींचें पाणी नासतें. मुक्कामाची मुदतहि विचारपूर्वक घातली आहे. ती नसती तर भाडें घेऊन जागा देणाऱ्या स्थानिक व्यावसायिकाचें नुकसान झालें असतें.

पाहुण्याबरोबर कीडहि येते, हें तेथील शेतकरी विसरत नाहींत. पूर्वेकडे जाणाऱ्यांचीं फळें सेडुना येथें व पश्चिमेकडे जाणाऱ्यांचीं प्रांताच्या सीमेवर तपासून काढून घेतात. फळमाशीपासून बागा वांचविण्यासाठीं हा बंदोबस्त आहे, आणि तो सर्वांस सारखाच लागू आहे.

आपल्याकडेहि राज्य शासनानें २०२० सालीं कृषि-पर्यटनाचें व २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण मंजूर केलें आहे. तेव्हां या वाटेनें जाऊं इच्छिणाऱ्यांनीं आधीं खर्चाचा तक्ता मांडावा. गोल्फ आपल्या मातींतला नव्हे, व त्याची गरजहि नाहीं. हुरडा, गुऱ्हाळ किंवा मळ्यांतील फेरफटका तेंच काम करील. परंतु पाण्याची सोय, मैल्याची व्यवस्था, जागेचा स्वच्छ सात-बारा आणि येणाऱ्या पैशाची गांवांत रीतसर वांटणी, या गोष्टी आधीं ठरल्या पाहिजेत. शेजाऱ्याच्या बांधावरून वाद असेल तर तेथें पाहुणा उतरवूं नये. मुख्य धंदा शेतीच राहावा; तिला वाईट सालीं टेकू मिळावा, एवढ्यापुरतीच ही जोड. पेनाँगकडील लोकांनीं पडीक जमिनीचा व वाटेवरच्या वाहनांचा मेळ घातला. आपल्या गांवाजवळून जाणारा रस्ता कोणास कोठें नेतो, हें प्रत्येक सोसायटीनें एकदां बसून पाहावें.