परसातली पोलादी चूल

टेक्ससात राहणाऱ्या वाचकांना 'पिट' म्हणजे काय ते सांगायला नको. इतर राज्यांतल्या मंडळींसाठी थोडा खुलासा करतो. शब्दाचा अर्थ खड्डा असला तरी इथे पिट म्हणतात ते जाड पोलादी पाइपच्या आडव्या भट्टीला. तिच्या एका टोकाला, जरा खालच्या अंगाला, जाळाची पेटी. दुसऱ्या टोकाला धुराडं. पदार्थ मधल्या पोटात जाळीवर ठेवायचा. आपण उन्हाळ्यात पार्कमध्ये जो बार्बेक्यू करतो त्यात विस्तव खाली आणि पदार्थ वर, म्हणजे ती झाली शेगडी. पिटमध्ये जाळ एका बाजूला आणि पदार्थ दुसऱ्या बाजूला. मधून वाहतो तो फक्त गरम वारा आणि धूर. त्यामुळे काम संथ चालतं. चार-सहा तास, कधी कधी बारा-चौदासुद्धा!

ही पद्धत मध्य टेक्ससात रुजली ती जर्मन आणि चेक खाटिकांच्या दुकानांतून. लॉकहार्ट गावातलं 'क्रॉइट्झ मार्केट' १९०० साली सुरू झालं, ते आजही चालू आहे. तिथल्या जुन्या भट्ट्या विटांच्या. पोलाद आलं ते तेलधंद्यामुळे. जिथे तेलाच्या विहिरी तिथे पाइप, आणि जिथे पाइप तिथे वेल्डर. उरलेल्या तुकड्यांचं काय करायचं, ह्या प्रश्नाला टेक्ससच्या वेल्डरांनी दिलेलं उत्तर म्हणजे हा पिट. ऑस्टिनचे ॲरन फ्रँकलिन ह्यांना २०१५ साली जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. त्यांच्या भट्ट्या १००० गॅलनच्या जुन्या प्रोपेनच्या टाक्यांतून बनवलेल्या आहेत.

आमच्या घरी हा उद्योग आला तो मुलीमुळे. टेक्ससच्या पुष्कळ हायस्कुलांत 'ॲग मेकॅनिक्स' नावाचा विषय असतो. त्यात मुलं वेल्डिंग शिकतात आणि ट्रेलर, फाटकं, पिट असं काहीबाही बनवून ह्यूस्टनच्या किंवा सॅन अँटोनियोच्या रोडिओतल्या प्रदर्शनात मांडतात. अकरावीत आमच्या कन्येने हा विषय घेतला तेव्हा घरात जरा कुजबुज झाली. "अगं, कॉलेजला त्याचा काय उपयोग?" हा प्रश्न सौ.ने विचारला, मी मनातल्या मनात विचारला. पण तिचं उत्तर तयार होतं. "बाबा, तुम्ही पंचवीस वर्षं पोलादाचे नकाशे काढताय. एकदा तरी स्वतः पोलाद जोडलंय का?" यावर सिव्हिल इंजिनियरने काय बोलावं? शेवटी करार झाला : नकाशा बाबांचा, वेल्डिंग तिचं.

मापं

पोटासाठी आम्ही २० इंच व्यासाचा, पाव इंच जाडीचा, ४ फूट लांबीचा नवा पाइप घेतला. त्याचंच वजन २१० पौंडांच्या आसपास भरतं. इतका जाड कशाला? कारण जाड पोलाद उष्णता धरून ठेवतं. पातळ पत्र्याच्या भट्टीत दार उघडलं की तपमान कोसळतं आणि बाहेर वारा सुटला की आत थंडी वाजते.

कारागिरांचा जुना आडाखा असा की जाळाच्या पेटीचं घनफळ पोटाच्या एक तृतीयांश असावं. आमच्या पाइपचं घनफळ सुमारे १४,३०० घन इंच, म्हणून पेटी आतून १७ इंचांची चौकोनी. पेटीतून पोटात जाणारं भोक सुमारे ४० चौरस इंच, हवा आत घ्यायची खिडकी सुमारे १५ चौरस इंच आणि धुराडं ५ इंची पाइपचं, तीन फूट उंच. ही मापं अगदी काटेकोर धरू नयेत, पण चुकायचंच तर मोठ्या बाजूला चुकावं. मोठी खिडकी झडपेने लहान करता येते. लहान भोक मोठं करायला पुन्हा कटर हातात घ्यावा लागतो. धुराड्याचं तोंड पोटात माथ्याशी न ठेवता जाळीच्या पातळीवर ठेवावं, म्हणजे गरम वारा पदार्थावरून वाहत जातो. तळाला किंचित उतार द्यावा आणि चरबी गळायचं नळकांडं जाळापासून लांबच्या टोकाला बसवावं.

आधी जीव, मग जेवण

हा भाग कृपया कोणी गाळू नये. भंगारातून फुकट मिळालेला पाइप जस्ताचा मुलामा दिलेला, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड असेल, तर त्याला हात लावू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने जस्ताची वाफ होते, ती श्वासात गेली की काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. वेल्डर लोकांना हा ताप चांगला माहीत असतो. जुन्या तेलाच्या पिंपांना आतून रंगाचा किंवा रसायनाचा लेप असतो, तोही अन्नाच्या कामाचा नाही. जुनी गॅसची टाकी 'रिकामी' दिसते, पण आत राहिलेला थोडा गॅस कापताना ठिणगीने भडकू शकतो. अनुभवी लोक अशी टाकी पाण्याने भरूनच कापतात. नवशिक्याने त्या वाटेला जाऊच नये. आणि पोलाद पुसायला क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर चुकूनही वापरू नका. वेल्डिंगच्या झळीत त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

कापणं-जोडणं शाळेच्या वर्कशॉपमध्ये, मास्तरांच्या देखत झालं. मी बाजूला काळी काच लावून उभा. त्यांची एक युक्ती मला फार आवडली. दार कापताना चारही बाजू एकदम कापायच्या नाहीत. पाइप बनताना पोलादात ताण राहिलेला असतो, सगळं कापलं की दाराचा तुकडा उसळून त्याची गोलाई बदलते आणि मग तो जागेवर बसत नाही. म्हणून आधी बिजागरीची बाजू कापायची, तिथे बिजागऱ्या वेल्ड करायच्या आणि मग उरलेल्या तीन बाजू. फट झाकायला दाराच्या कडेने एक इंची पट्टी. जाळी मात्र घट्ट बसवू नये. चार फूट पोलाद २०० अंश फॅरनहाइटने तापलं की साधारण १/१६ इंच वाढतं आणि जाळी व पाइप एकाच वेळी तापत नाहीत. एवढं गणित माझ्या वाट्याला आलं, तेवढ्यावर मी समाधान मानलं.

शेवटचा हात

बाहेरून तारेच्या ब्रशने घासून, तेलकटपणा काढून उष्णतेला टिकणारा काळा रंग दिला. जाळाच्या पेटीवरचा रंग कितीही भारी घेतला तरी काही महिन्यांत जळतोच. तिथे अधूनमधून तेलाचा हात फिरवावा. आतून मात्र रंग अजिबात नाही. आत काय करायचं ते आमच्या आईला न सांगताच कळलं. ती तेव्हा सहा महिन्यांसाठी अलिबागहून आली होती. म्हणाली, "बिडाचा तवा वळवतात तसंच ना?" अगदी तसंच! आतून सगळीकडे खायच्या तेलाचा पातळ हात द्यायचा आणि २५० ते ३०० अंशांवर तीन-चार तास नुसता जाळ ठेवायचा. तेलाचा कडक, काळा थर बसतो, तोच गंजापासून राखतो.

पहिल्या जाळाच्या वेळी आईचा अनुभव आमच्या थर्मामीटरपेक्षा उपयोगी पडला. धुराड्यातून पांढरा लोट निघाला तशी ती म्हणाली, "लाकूड ओलं आहे, नाहीतर चुलीला वारा नाही." पांढरा धूर म्हणजे अर्धवट जळण, त्याचा कडू थर पदार्थावर बसतो. खिडकी पूर्ण उघडली, वाळलेल्या ओकची लहान ढलपी घातली. थोड्या वेळाने धूर इतका पातळ झाला की निळसर झाक तेवढी दिसत होती. इथले जाणकार ह्याच निळ्या धुराची वाट बघतात. (पश्चिम टेक्ससात मेस्किट जाळतात. ती म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची बहीणच. तिचा धूर उग्र, बेतानेच वापरावा.)

आता नाजूक मुद्दा. आई माळकरी. नातीने केलेल्या भट्टीवरचं तिने काहीच खायचं नाही, हे कोणालाच बरं वाटेना. तोडगा नातीनेच काढला. पहिलं रांधप आजीचं. रताळी आणि कणसं जाळीवर, भरताची वांगी थेट पेटीतल्या निखाऱ्यांवर, कारण २५० अंशांच्या धुरात वांगं शिजतं पण त्याची साल करपत नाही. आई म्हणाली, "पोपटीची आठवण झाली." रायगडकडच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा आणि भोवती जाळ! इथे ना वाल होते ना भांबुर्डा, पण आईने रताळं दुसऱ्यांदा मागून घेतलं. शाकाहारी जाळी आम्ही वेगळीच ठेवली आहे. तिच्या मुठीवर मुलीने वेल्डिंगनेच तुळशीचं पान काढलंय, म्हणजे घोटाळा नको.

मग दुसऱ्या दिवशी आमची पाळी. कोंबडी आतून १६५ अंश होईपर्यंत. मोठा मांसाचा तुकडा असेल तर वाटेत एक गंमत होते. आतलं तपमान १५०-१६० च्या सुमारास येऊन तासन्‌तास तिथेच अडतं. नवखा माणूस घाबरून जाळ वाढवतो. कारण साधं आहे : माठातलं पाणी ज्यामुळे थंड राहतं त्यामुळेच. पृष्ठभागावरचा ओलावा उडताना उष्णता घेऊन जातो. ओलावा सरला की काटा पुन्हा चढतो. धीर धरावा.

निगा फारशी नाही. राख प्रत्येक वेळी, पूर्ण थंड झाल्यावर काढावी. ओली राख पोलाद खाते. धुराड्यावर टोपी ठेवावी. पिट घरापासून आणि कुंपणापासून लांब असावा आणि पाऊस आला म्हणून गराजमध्ये कधीही पेटवू नये, कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. वजन सगळं मिळून साडेचारशे ते पाचशे पौंड, तेव्हा चाकं सुरुवातीलाच लावा.

ज्यांना नकाशा हवा असेल त्यांनी मंडळाच्या कार्यकारिणीमार्फत कळवावं, आनंदाने देईन. वेल्डिंगसाठी मात्र आमच्या कन्येची सुट्टी कधी आहे ते बघावं लागेल.